बसल्याचं माप

कुबराआपाला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती माझ्यावर ओरडत होती.

हुफूफच्या त्या खासगी हॉस्पिटलात यंत्रं दुरुस्त करायच्या नोकरीवर येऊन मला जेमतेम आठवडा झाला होता. साल २००७. एक सक्शन मशीन मी 'झालं दुरुस्त' म्हणून वॉर्डात पाठवलं आणि ते दहा मिनिटांत बंद पडलं. ते काखोटीला मारून ही पाच फुटांची बाई तळघरातल्या माझ्या खोलीत आली आणि इंग्रजी, हिंदी, अरबी अशा तिन्ही भाषांतून तिने माझा उद्धार केला. मी नाशिकचा. मला असलं ऐकून घ्यायची सवय नाही. "काय कटकट आहे," असं मी मराठीत पुटपुटलो आणि ती थांबली.

"मेल्या, मराठी आहेस तर आधी बोलायचंस! तीन भाषा खर्ची पाडल्यास माझ्या."

दुसऱ्या दिवशी तिने डब्यातून सांदणं पाठवली. तेव्हापासून ती माझी आपा आणि मी तिचा मोहन.

ती बाणकोटची. तिचे वडील, हुसेनमियाँ, तिथे बंदराजवळ शिंपीकाम करायचे. त्यांच्याकडे खलाशांचे पायजमे, तांडेलांचे सदरे आणि गणपती आले की हिंदू पोरांची झबलीसुद्धा शिवायला यायची. सहा बहिणींत कुबरा चौथी. मुंबईत नर्सिंग शिकली आणि शहाण्णव साली सौदीला आली. मागून नवरा आला, कादिर, हुफूफच्याच एका खजूर व्यापाऱ्याच्या कोठारात. तिचा इकामा, म्हणजे तिथे राहायचा परवाना, हॉस्पिटलचा, त्याचा व्यापाऱ्याचा. संसार मात्र एकच, बाजारामागच्या दोन खोल्यांत. झेबा नावाची एकुलती लेक दहावीपर्यंत इथल्या इंडियन स्कूलात शिकली आणि पुढे पुण्याला दातांची डॉक्टर व्हायला गेली.

कादिरभाई हे एक वेगळंच प्रकरण होतं. बायको जितकी किरकोळ तितका हा ऐसपैस. त्याला साखरेचा आजार होता, आणि दिवसभर काम कसलं, तर खजुराच्या प्रती लावायच्या. प्रत लावताना चाखावं लागतं, असं तो शपथेवर सांगायचा. आपा त्याच्या खिशांची झडती घ्यायची. बिया सापडायच्या. "बी आहे, खजूर कुठाय?" असं तो साळसूदपणे विचारायचा. दर शुक्रवारी मी त्यांच्याकडे जेवायला असायचो. माझं कुटुंब नाशकात होतं, त्यामुळे मला दुसरं घर असं तेवढंच.

आता आपाच्या कामाबद्दल सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

ती जखमांची नर्स. उघडी, न भरणारी जखम असली की तिच्यात स्पंज बसवायचा, वरून पारदर्शक चिकट कागद हवाबंद लावायचा, त्याला नळी जोडायची आणि नळीच्या टोकाला पंप. पंप आतली हवा ओढत राहतो, घाण पाणी खेचून घेतो, मांसाला मांस भेटतं. हे बरीच वर्षं चाललेलं होतं. २०१३-१४च्या सुमारास आमचे सर्जन डॉक्टर इस्मत, हे इजिप्तचे, मोठे हट्टी आणि मोठे भले, त्यांनी नवा हट्ट धरला. जखम उघडायची वाट कशाला बघायची? ज्याचं पोट मोठं, ज्याला साखर, त्याचे टाके उसवायचा धोका ठरलेलाच. मग टाके घातल्या घातल्या, बंद जखमेवरच हा पंप लावून टाका. पाच-सात दिवस टाक्यांच्या दोन्ही कडा आपसांत घट्ट धरलेल्या राहतील, आत पाणी साचणार नाही, बाहेरची घाण आत जाणार नाही.

गोष्ट साधी वाटते, पण एक मेख आहे. कागद कुठे सुटला आणि हवा आत शिरली, तर पंप नुसता बोंबलतो. आणि ओढ नसेल तर तो स्पंज म्हणजे टाक्यांवर ठेवलेलं ओलं फडकं. दोन तासांपेक्षा जास्त ओढ बंद राहिली तर सगळं काढून नव्याने लावावं, असा नियमच आहे. न लावलेला परवडला, पण गळका नको.

पंप माझ्याकडे तपासायला यायचे. प्रत्येक पंपाच्या पोटात नोंद असते, ओढ किती तास होती, कितीदा तुटली. इतर नर्सेसच्या पंपांत नोंदीच नोंदी. आपाच्या पंपांत काहीच नाही. सहा-सहा दिवस एकसंध ओढ. मला आधी वाटलं, हिचं मशीन नोंदच करत नाही. उघडून पाहिलं, मशीन ठणठणीत होतं.

गुपित मला कळलं ते मी स्वतः टेबलावर गेलो तेव्हा. २०१५ साली माझं हर्नियाचं मोठं ऑपरेशन झालं. माझं पोट तेव्हा माझ्या आधी खोलीत शिरायचं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुपारी आपा आली, पडदा ओढला आणि म्हणाली, "उठून बस."

"उद्या झोपवूनच कापणार आहेत ना?"

"कापणार झोपवून. पण जन्मभर झोपून राहणार आहेस काय? बस. गुडघे दुमड. पुढे वाक, जेवायला बसतोस तसा."

मी बसलो. पोटाला बेंबीपाशी एक आणि खाली एक अशा दोन घड्या पडल्या. खिशातलं निळं पेन काढून तिने त्या घड्यांवर रेघा ओढल्या, आणि मग बोलता बोलता सांगून गेली.

"बाबा सांगायचे, पायजम्याचं माप उभ्याचं घेतलंस तर गिऱ्हाईक दुकानातून खूश होऊन जाईल आणि होडीत बसल्याबरोबर शिवण उसवून परत येईल. माप बसल्याचं घ्यावं. माणूस बसतो, हे विसरायचं नाही. इथे सगळे निजलेल्या पोटावर एक अख्खा कागद डकवतात. दुसऱ्या दिवशी पेशंट उठून बसला की घडीपाशी कागद ताणतो नि सुटतो. मी पट्ट्या लावत्ये, आणि या रेघांवर पट्टीला जराशी चूण ठेवत्ये. बेंबी आधी भरून घेत्ये. झालं."

"एवढंच?"

"एवढंच. आणि कुणाला सांगायचं नाय."

मी हसलो. तेव्हा त्यात हसण्यासारखंच होतं. माझे टाके सुरेख भरले. आज त्या जागी एक पांढरी रेघ आहे, आणि आंघोळीच्या वेळी ती दिसली की माझा दिवस बिघडतो.

नितकातचे दिवस होते ते. कंपनीत सौदी माणसं किती, त्यावरून सरकार कंपनीला रंग द्यायचं, आणि आमचं हॉस्पिटल लालच्या, म्हणजे सगळ्यात वाईट रंगाच्या, तोंडाशी लटकलेलं. २०१६ साली हुकूम निघाला. प्रत्येक परदेशी माणसाने आपल्या हाताखाली एक सौदी माणूस तयार करायचा. तो तयार झाला की तुमचं खलास. हुकूम काढणारा मॅनेजर आमच्याकडे पाहून इतका गोड हसला की मला त्याच क्षणी त्याचे दात मोजावेसे वाटले. पण त्याचं तरी काय चुकलं? देश त्यांचा, पोरं त्यांची, शिकून घरी बसलेली. हे मला कळत होतं. कळून राग कमी होत नाही एवढंच.

त्या वर्षी आम्हा सगळ्यांच्या जेवणाच्या टेबलावर एकच उपदेश फिरत होता. मल्याळी असो, पाकिस्तानी असो, फिलिपिनो असो, सगळे तेच सांगत होते. शिकवा, पण हातचं राखून शिकवा. सगळं दिलंत की तुमची गरज संपली. मीही तेच केलं. माझ्या हाताखालच्या सौदी इंजिनियरला मी सगळी यंत्रं उघडायला शिकवली, पण त्यांच्या आतल्या नोंदी उघडायचा पासवर्ड माझ्याकडेच ठेवला. म्हणजे दर तिसऱ्या दिवशी त्याला माझ्याकडे यावंच लागायचं.

आपाच्या हाताखाली अरवा आली. हुफूफचीच, चोवीस-पंचवीसची, खाली मान घालून बोलणारी. तिच्याकडे एक जाड वही होती, आणि आपा शिंकली तरी ती वहीत टिपून घेईल अशी तिची तऱ्हा. पहिल्या महिन्यात ती आपाला सिस्टर म्हणायची, दुसऱ्या महिन्यापासून खाला म्हणायला लागली. आपल्याकडेही मावशीला तेच म्हणतात, म्हणून आपाला ते फार लागलं. मनाला, म्हणजे.

तिने अरवाला खरंच शिकवलं. स्पंज कसा कापायचा, कातडी कशी कोरडी करायची, नळी कुठून काढायची, आजारी बाईला न दुखवता कुशीवर कसं वळवायचं. माप तेवढं शिकवलं नाही. जाड पेशंट असला की आदल्या दिवशी ती एकटी जायची, पडदा ओढायची, रेघा मारायची. ऑपरेशनच्या वेळी त्या रेघा पाहून अरवाने एकदा विचारलं तर म्हणाली, "डॉक्टरांच्या खुणा असतात."

मग जे व्हायचं तेच झालं. अरवाचे पंप बोंबलायला लागले. आपा जायची, दोन मिनिटं पडद्याआड राहायची, पंप गप्प. मॅनेजरच्या लक्षात आलं की मुलगी अजून तयार नाही. आपाला सहा महिने वाढवून मिळाले. पुढे आणखी सहा.

एका शुक्रवारी जेवताना मी चेष्टेने म्हणालो, "आपा, तुझ्या बाबांचा पायजमा तुला पेन्शनीपर्यंत पुरणार."

ती हसली नाही. "झेबाची दोन वर्षं राहिली आहेत रे. तेवढी निघाली की ज्या दिवशी जाईन त्या दिवशी अरवाला सगळं सांगून जाईन. कुराणावर हात ठेवून सांगत्ये."

कादिरभाई मान खाली घालून मासे निवडत होता. तो एवढंच म्हणाला, "पोरगी चांगली आहे ती. तिला रडवू नको."

आपाने त्याच्या ताटातला भात काढून घेतला आणि विषय संपला.

पण ज्या दिवशी जाईन तो दिवस असा ठरवून आला नाही. एप्रिल २०१८मध्ये तिला एका गुरुवारी फायनल एक्झिटचा, म्हणजे कायमचं परत जायचा, कागद दिला आणि रविवारचं विमान. अरवा नेमकी रजेवर, बहिणीच्या लग्नाला. बावीस वर्षांचं सामान दोन बॅगांत भरता भरता आपाने तिला दोनदा फोन लावला आणि दोन्ही वेळा लग्नाच्या गोंगाटात काही ऐकू आलं नाही. विमानतळावर मी विचारलं, "अरवाला सांगितलंस?"

"गावी पोचले की निवांत फोन करीन," ती म्हणाली. मग म्हणाली, "आता सांगितलं तर ती विचारेल, इतके दिवस का नाय सांगितलंस. काय सांगू?"

कादिरभाई मागे राहिला. त्याचा कफील, म्हणजे ज्याच्या परवान्यावर तो होता तो व्यापारी, त्याला सोडायला तयार नव्हता, आणि झेबाचं पुरं होईपर्यंत त्यालाही जायचं नव्हतं. आपाने गावाहून अरवाला ईदेला फोन केला, तिच्या आईची चौकशी केली, लग्नाचे फोटो मागवले. ते एक सोडून सगळं बोलली.

ऑगस्टमध्ये हुफूफला खजुराचा हंगाम ऐन भरात असतो. कादिरभाईच्या पोटात दुखत होतं, त्याची जुनी हर्नियाची गाठ होती, पण हंगामात कोठार सोडून जायचं म्हणजे त्याला पाप वाटायचं. दोन सप्टेंबरच्या रविवारी सकाळी तो पोत्यांवरच कोसळला. त्याच्या सोबत्यांनी आमच्याकडे आणला. आतडं अडकून काळं पडलं होतं. डॉक्टर इस्मतनी त्याचं पोट छातीपासून बेंबीखालपर्यंत उघडलं, खराब भाग काढला, टाके घातले आणि अरवाला म्हणाले, "हा कुबराचा नवरा. पंप नीट लाव."

तिने जीव ओतून लावला. मी सांगतो, त्यापेक्षा नीट निजलेल्या पोटावर कुणालाच लावता आला नसता.

सोमवारी कादिरभाई शुद्धीवर आला, आणि शुद्धीवर आल्या आल्या त्याला नमाजची आठवण झाली. उभं राहणं शक्यच नव्हतं, म्हणून तो पलंगावर टेकून बसून नमाज पढायचा. रुकूला पुढे वाकायचा. पाच वेळा. घडी पडायची, कागद सुटायचा, पंप बोंबलायचा. अरवा धावत यायची, वर आणखी एक कागद डकवायची, तो तासभर टिकायचा.

दुपारी तिने मला बोलावलं. "मोहन, पंप बिघडलाय बहुतेक. दुसरा दे."

पंप बिघडला नव्हता. मला पाहताक्षणी कळलं काय झालंय ते. मी कादिरभाईच्या पोटाकडे पाहिलं, बेंबीपाशी त्या कागदाला पडलेली सुरकुती पाहिली. त्या वेळी मी एवढंच म्हणायला हवं होतं, याला बसव आणि रेघा मार. पाच शब्द. पण ते म्हणालो असतो तर आपाने दोन वर्षं जाणूनबुजून शिकवलं नाही हे उघडं पडलं असतं, तेही तिच्या नवऱ्याच्या उशाशी. मला वाटलं, हे गुपित माझं नाही. मी खाली गेलो आणि दुसरा पंप आणून लावला. चांगला पंप काढून चांगला पंप लावला. अरवाने माझे आभार मानले.

"आपाला फोन लावू का?" मी कादिरभाईला विचारलं.

"नको रे. घाबरेल ती. टाके निघाले की मी स्वतःच सांगतो." आणि मग हळूच म्हणाला, "कोठारात माझ्या डब्यात एक किलो वेगळा काढून ठेवलाय, तुझ्या आईसाठी. तेवढा घेऊन ये, नाहीतर ते लोक खातील."

मंगळवारी सकाळी मला राहवेना. मी दोन्ही पंपांच्या नोंदी काढल्या. पंप लावल्यापासून त्रेचाळीस तास झाले होते. त्यातले एकोणीस तास, तुकड्यातुकड्यांनी, ओढ नव्हती. मी वर जाऊन पाहिलं तर कादिरभाईचा चेहरा लाल होता, अंग तापलेलं. मी जिन्यात उभं राहून बाणकोटला फोन लावला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. त्रेचाळीस आणि एकोणीस हे आकडेसुद्धा.

पलीकडून तिच्या अंगणातली कोंबडी तेवढी ऐकू येत होती.

"अरवाला दे," ती म्हणाली. "व्हिडिओ लाव."

अरवाने फोन पलंगाशेजारच्या टेबलावर उभा केला. नवऱ्याकडे आपाने एकदाच पाहिलं. तो हसून म्हणाला, "मी म्हणालो होतो याला, सांगू नको म्हणून." ती अरवाकडे वळली. तिचा आवाज इतका सरळ होता की मला भीती वाटली.

"अरवा, सगळं काढ. टाके लाल आहेत? डॉक्टरांना निरोप पाठव. आता पलंगाची डोक्याकडची बाजू वर कर. आणखी वर. गुडघे दुमडव. कादिर, जेवायला बसतोस तसा बस. अरवा, पेन आहे? घडी दिसते ना, तिच्यावर रेघ मार. अशीच खाली. आता बेंबी भर. अख्खा कागद नको, पट्ट्या काप, चार बोटं रुंद. रेघेवर आलीस की ताणू नको, चूण ठेव. शिवताना ठेवतात तशी. हां. आता पंप सुरू कर."

पंप सुरू झाला. स्पंज आक्रसला, बारीक घरघर झाली आणि शांतता. "कादिर, वाक," आपा म्हणाली. तो वाकला. पंप गप्पच.

अरवाने वही काढली आणि तिथेच उभी राहून सगळं उतरवून घेतलं. तिने काहीही विचारलं नाही. आपा फोनच्या पलीकडून तिच्याकडे पाहत होती, प्रश्नाची वाट पाहत होती, हे मला दिसत होतं. अरवाने मान वर केली आणि म्हणाली, "शुक्रन, खाला."

त्यानंतर तो पंप एकदाही बोंबलला नाही. पण जे आत जायचं होतं ते गेलं होतं. सहाव्या दिवशी टाके उसवले. डॉक्टर इस्मतनी पुन्हा उघडलं, धुतलं, औषधं बदलली. विष रक्तात उतरलं. व्हिसासाठी झेबा पुण्याहून धावाधाव करत होती, पण फायनल एक्झिटवर गेलेल्या बाईला व्हिसा चार दिवसांत मिळत नाही. तेरा सप्टेंबरच्या गुरुवारी दुपारी कादिरभाई गेला. शुक्रवारच्या नमाजनंतर हुफूफमध्येच त्याला माती दिली. मी कबरस्तानाच्या भिंतीबाहेर उभा होतो आणि हातात फोन धरला होता. आपाने फोन सुरू ठेवायला सांगितलं होतं. तिला भिंतच दिसली.

डॉक्टर इस्मत मला म्हणाले, साखर होती, आतडं सडलेलं होतं, अशा पोटात काहीही होऊ शकतं, पंप पहिल्या तासापासून चालला असता तरी. ते खरं असेलही. त्या फोनची गोष्ट आमच्या मेसपर्यंत पोचली तेव्हा एक शहाणा म्हणाला, करावे तसे भरावे. मी त्याच्या ताटाला लाथ मारली. हातचं राखा हा उपदेश त्याच टेबलावर बसून यानेच केला होता.

डिसेंबरात मी रजेवर गेलो आणि बाणकोटला गेलो. माझ्या बॅगेत कादिरभाईचा चष्मा होता, टोपी होती, आणि तो एक किलोचा डबा. तो माझ्या आईसाठी होता, पण मला तो घरी नेववेना. आपा ओटीवर बसली होती. ओरडली नाही, 'मेल्या' म्हणाली नाही. मला वाटलं, आत्ता हिने माझ्यावर एकदा ओरडावं. तिने डबा उघडला, एक खजूर काढला, बी काढून हातात धरून ठेवली आणि खजूर परत आत टाकला.

"एकोणीस तास," ती म्हणाली.

मी म्हणालो, "आपा, मी सोमवारीच बोलायला हवं होतं. मी पंप बदलत बसलो."

"तू माझी अब्रू राखलीस," ती म्हणाली. "दोघांनी मिळून राखली."

अरवाने तिच्यासाठी एक पाकीट दिलं होतं. त्यात प्लास्टिकमध्ये बंद केलेला एक कागद होता. तसाच कागद आता आमच्या सर्जिकल वॉर्डात भिंतीवर लागलाय, अरबीत आणि इंग्रजीत. वर ठळक अक्षरांत 'कुबरा पद्धत', आणि खाली पहिलीच ओळ, 'पेशंटला आधी बसवा.' त्याखाली अरवाने स्वतः काढलेलं चित्र, बसलेला जाडा माणूस आणि त्याच्या पोटावर निळ्या रेघा. तीन महिन्यांत अरवाच्या हातचा एकही पंप गळला नव्हता. तसं सांगणारी चिठ्ठी तिने मोठ्या अभिमानाने जोडली होती.

आपाने कागद वाचला. चित्रावर बोट फिरवलं. आणि मग इतक्या महिन्यांत पहिल्यांदा ती रडली, पदर तोंडात धरून, आतून झेबाने ऐकू नये म्हणून. मीही रडलो. लाज कसली त्यात.

"तिला सांग, माझं नाव काढ," ती शेवटी म्हणाली. "आणि नाव ठेवायचंच असेल तर खाली तारीख घाल. मी कधी शिकवलं ती. चार सप्टेंबर."

मी परत गेलो आणि अरवाला निरोप सांगितला. तिने भिंतीवरचा कागद काढून टेबलावर ठेवला. निळं पेन उघडलं.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "त्या दिवशी फोनवरच कळलं, की हे खालाला आधीपासून येत होतं. त्या खुणा डॉक्टरांच्या नव्हत्या. मला वाटलं, मी अजून तेवढी तयार झाले नव्हते, म्हणून तिने शिकवलं नसेल. मी आणखी लवकर शिकले असते, तर कादिरचाचा..."

ही पोरगी तीन महिने हे मनात घेऊन फिरत होती. मी खुर्ची ओढून तिच्यासमोर बसलो आणि तिला सगळं खरं सांगितलं. जेवणाच्या टेबलावरचा उपदेश, वाढवून मिळालेले सहा-सहा महिने, माझा पासवर्ड, मी बदललेला चांगला पंप. माझ्या अरबीत जेवढं बसलं तेवढं. तिने शेवटपर्यंत ऐकलं. ती रागावेल असं मला वाटलं होतं. रागावली असती तर बरं झालं असतं.

तिने कागदाच्या तळाशी तारीख घातली, चार सप्टेंबर २०१८. नाव तसंच ठेवलं. कागद भिंतीवर लावला आणि सात नंबरच्या पलंगाकडे गेली, तिथल्या बाईचं उद्या ऑपरेशन होतं. पडदा तिने ओढला, पण आत जाताना दोन नव्या मुलींना हाक मारून बरोबर घेतलं. मी खाली तळघरात गेलो, पासवर्ड एका चिठ्ठीवर लिहिला आणि माझ्या सौदी इंजिनियरच्या टेबलावर ठेवला.